पोथी घरात राहिली



चातुर्मास संपला की महासतीजींचा विहार होतो आणि स्थानकातली मुलांची गडबड थांबते. कर्जतसारख्या गावाला दरवर्षी चातुर्मास मिळतोच असं नाही. मग मुलांना धर्म कोण शिकवणार, हा प्रश्न आपल्यातल्या कितीतरी जणी विचारतात. त्याचं उत्तर मला या वेळी एका वेगळ्याच ठिकाणी सापडलं. ते आहे गोव्या-मंगळूरच्या कॅथलिक घरांच्या इतिहासात. परदेशात काही कॅथलिक आया मुलांना घरीच शिकवतात, असं आपण ऐकतो. पण घर हीच धर्माची शाळा होण्याची गोष्ट आपल्याकडे चारशे वर्षं जुनी आहे, आणि तिचं पाठ्यपुस्तक चक्क मराठी होतं.

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये वारेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, इथेच राहिले. साष्टीच्या लोकांत राहून ते मराठी आणि कोकणी शिकले. तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेत धर्मांतरं होत होती, त्यांत जबरदस्तीही होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणं वाचायला बंदी होती. म्हणजे संध्याकाळी दिव्यापाशी बसून पोथी ऐकायची पिढ्यांची सवय तशीच राहिली, पण हातातली पोथी गेली. हे गाऱ्हाणं स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच आलं आहे: जुनी पुराणं बंद केलीत, मग त्या जागी वाचायला आम्हाला दुसरं काय देता?

उत्तर म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. बायबलमधली कथा, पण ओवीत, आणि तीही सुमारे अकरा हजार ओव्यांत! 1616 मध्ये ते राचोल इथे छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं. ते चर्चमध्ये वाचलं जाई आणि घरीही. घरात बोली कोकणी, पोथी मराठी. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्याही घरी बोलणं मारवाडी-मराठी आणि सूत्रं अर्धमागधी. न कळणारा शब्द मूल आधी कानाने शिकतं, अर्थ नंतर आईला विचारतं.

मग 1684 साल आलं. गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. 1654 नंतर ख्रिस्तपुराण छापलं गेलं नाही, ते थेट 1907 पर्यंत. अडीचशे वर्षं! पहिल्या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज हाती नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण लोक हाताने नकला करत राहिले. एका घरची पोथी दुसऱ्या घरी जायची, कोणीतरी ती उतरवून घ्यायचं आणि ती परत यायची. 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, तो अशाच हस्तलिखितांवरून.

मंगळूरला तो कसा पोचला? गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबं वेळोवेळी दक्षिणेकडे गेली. जाताना भांड्याकुंड्यांबरोबर पोथीही गेली. 1784 मध्ये टिपू सुलतानाने कानडा मुलखातल्या या लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेलं. 1799 मध्ये टिपू पडला, तेव्हा उरलेले सुटले. मधली पंधरा वर्षं कैदेची. त्या काळात या पुराणानेच आम्हाला धीर दिला, असं मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात सांगत आले आहेत.

इथे मला आपले लोकाशाह आठवतात. परंपरा सांगते की ते शास्त्रांच्या नकला उतरवून द्यायचे, आणि देता देता एक प्रत स्वतःसाठी ठेवायचे. त्या प्रती वाचता वाचताच त्यांना विचार सुचला, आणि पुढे आपली स्थानकवासी परंपरा उभी राहिली. एखाद्या घरात पोथी उघडली जाते, तेव्हा किती लांबवर परिणाम होतो पाहा.

पण नुसती पोथी पुरत नाही, रोजचा नेम लागतो. गोव्या-मंगळूरच्या कॅथलिक घरांत दिवेलागणीला सगळं कुटुंब देव्हाऱ्यासमोर बसतं आणि रोझरीची माळ म्हणतं. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. त्याला ते ‘तेर्स’ म्हणतात. लहान मुलंही मोठ्यांबरोबर म्हणतात. ते झालं की मुलं आजी-आजोबांपासून सुरुवात करून सगळ्या वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, तेव्हा खाण्यापिण्यावर संयम. आपली 108 मण्यांची माळ, आपला चौविहार, आपलं पर्युषण यांच्याशी तत्त्वज्ञान जुळत नाही, आणि ते जुळवायचा माझा हेतूही नाही. ते जगाचा कर्ता मानतात, आपण कर्म मानतो. पण मूल धर्म कसं शिकतं, ती रीत दोन्हीकडे एकच आहे. मोठ्यांच्या शेजारी बसून, रोज त्याच वेळी, तेच शब्द म्हणत.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण पाहा. आचार्य आनंदऋषीजी म.सा. यांचा जन्म 1900 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा. संसारातलं नाव नेमिचंद. 1913 मध्ये, तेरा वर्षांच्या वयात, मिरी इथे रत्नऋषीजींकडे त्यांची दीक्षा झाली. पण त्याआधी घरात आई हुलासाबाई होत्या. श्रमण संघाच्या आचार्यांचीही पहिली पाठशाळा आईचं घरच. त्याच पाथर्डीचं धार्मिक परीक्षा बोर्ड आपल्याला माहीत आहे. स्वयंपाक उरकून, दुपारी पुस्तक घेऊन परीक्षेची तयारी करणाऱ्या सासवा-सुना आपल्या प्रत्येक गावात होत्या.

म्हणून पाठशाळा बंद आहे, ही अडचण खरी असली तरी ती सबब होऊ नये. त्या लोकांचा छापखाना थांबला, भाषेवर हुकूम आला, गाव सुटलं, कैद झाली. आपल्याकडे तर पुस्तकं आहेत, फोनवर प्रवचनं आहेत. कमी आहे ती रोजच्या पंधरा मिनिटांची.

माझं एवढंच सांगणं. पंचवीस बोलांतला एक बोल आठवड्याला घ्या. पहिला चार गतींचा, दुसरा पाच जातींचा. मुलाला एका वहीत तो स्वतःच्या हाताने लिहू द्या, आणि सूर्यास्ताच्या जेवणानंतर टीव्ही लागण्याआधी सगळ्यांनी मिळून म्हणा. सहा महिन्यांत पंचवीस बोल पुरे होतील. ती वही जपून ठेवा. पुढे ती कोणाच्या उपयोगी पडेल, आज सांगता येत नाही.