उत्पन्न-विभागणी, व्यावसायिक क्रीडासंघांतील

व्यावसायिक क्रीडास्पर्धेतील संघांनी उत्पन्नाचा काही भाग एकत्र करून ठराविक प्रमाणात वाटून घेण्याची पद्धत. प्रतिस्पर्धी दुबळा झाल्यास सामन्यातील चुरस संपते व सधन संघाचेही प्रेक्षक घटतात, हे तिचे मूळ तत्त्व होय. अमेरिकन फुटबॉलमधील ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे तिचे ठळक उदाहरण. तेथे तिकिटविक्रीतील वाटा पाहुण्या संघास पूर्वीपासून मिळे. तथापि दूरचित्रवाणीचे करार संघ स्वतंत्रपणे करीत. त्यामुळे न्यूयॉर्कसारखे महानगर आणि विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हे लहान शहर यांच्या संघांच्या प्राप्तीत मोठी तफावत पडली. १९६० मध्ये आयुक्त झालेल्या पीट रोझेल यांनी सर्वांच्या वतीने एकच करार करून रक्कम समान वाटण्याचा आग्रह धरला. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालक मारा कुटुंबाने स्वतःच्या अधिक प्राप्तीवर पाणी सोडून त्यास संमती दिली. न्यायालयाने असा करार मक्तेदारीविरोधी पूर्वनिर्णयाशी विसंगत ठरविला. तेव्हा अमेरिकी संसदेने १९६१ मध्येच क्रीडाप्रक्षेपण अधिनियम संमत करून त्यास सूट दिली. १९६२ पासून सीबीएस कंपनीचे वार्षिक सु. ४६·५ लक्ष डॉलर १४ संघांत समान वाटले गेले. ग्रीन बेचा संघ टिकला व १९६५–६७ या तीन हंगामांत सलग विजेता ठरला.

याउलट बेसबॉलमध्ये स्थानिक प्रक्षेपणाचे उत्पन्न मुख्यतः ज्या त्या संघाकडेच राहिल्याने विषमता वाढली. फुटबॉलमध्येही विभागणी सर्वस्पर्शी नाही. डॅलस काउबॉईजचे मालक जेरी जोन्स यांनी १९९५ मध्ये स्वतंत्र प्रायोजक-करार केल्यावर उद्‌भवलेल्या वादातून, सामायिक हित व मालकाचा हक्क यांतील सीमारेषेचा प्रश्न पुन्हा पुढे आला.