मावशीची छडी

परवा आईशी बोलताना मावशीच्या पहिल्या शाळेचा विषय निघाला. २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवक योजना आली: तीन वर्षं, महिना ३००० रुपये मानधन. मावशी लातूरची, नेमणूक मिळाली नांदेड जिल्ह्यात, मुखेडकडच्या एका तांड्यावर. एकाच खोलीत पहिली ते चौथी. पोरं गोरमाटी बोलणारी, पुस्तकं मराठी. चौथीला गणितं घातली की पहिली दंगा करायची. मग हिनं छडी उचलली. दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आणि उन्हाळ्यात अक्षरं विसरून परतली. "ज्याला काही कळतच नाही, ते पोरगं दंगा करणार नाही तर काय!" मावशी म्हणते. शिक्षण हक्क कायद्यानं १ एप्रिल २०१० पासून छडीवर बंदी आली. तिच्या हातातली त्याआधीच सुटली होती.