तव्यावरची कलेजी : दहा मिनिटांचा पदार्थ, नेमकेपणाची कसोटी

मांसाहार करणाऱ्या बहुतेक मराठी घरांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे सामिष जेवणाचे वार. त्यांपैकी रविवारी हाताशी वेळ असतो. मटण निवांत शिजते, वाटण सावकाश भाजले जाते. बुधवारी आणि शुक्रवारी मात्र कामावरून परतलेल्या माणसाला तासभर चुलीपाशी उभे राहणे परवडत नाही. अशा संध्याकाळी खाटकाकडून आणलेली पाव-अर्धा किलो कलेजी उपयोगी पडते. तवा तापल्यापासून ताटात पडेपर्यंत तिला जेमतेम दहा मिनिटे पुरतात. अमेरिकेत कामाच्या दिवशी रात्री गोमांसाचे लहान तुकडे तापलेल्या बिडाच्या भांड्यात झटपट भाजून लोणी-लसणात घोळवतात. तव्यावरची कलेजी ही त्याच जातीची, पण येथील स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून रुळलेली पाककृती होय.

तरीही अनेक घरांत कलेजी नावडती असते. ती चामड्यासारखी चिवट होते, कडवट लागते किंवा तिला उग्र वास येतो, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत. यातील बहुतेक दोष कलेजीचे नसून ती निवडण्याच्या आणि शिजवण्याच्या पद्धतीचे असतात.

कलेजी लवकर का शिजते?

मटणाचे तुकडे म्हणजे प्राण्याचे स्नायू. त्यांतील तंतू कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाने बांधलेले असतात. हे कोलॅजन मऊ होण्यासाठी ओलसर उष्णता आणि बराच वेळ लागतो, म्हणून मटण जितके मुरत शिजेल तितके लुसलुशीत होते. कलेजी म्हणजे यकृत. त्यात कोलॅजनचे प्रमाण फारच थोडे असते. साहजिकच जास्त वेळ शिजवून ती मऊ होत नाही. उलट तिच्यातील प्रथिने आक्रसतात, पाणी बाहेर पडते आणि तुकडे कोरडे व घट्ट होतात. मटणाचा नियम कलेजीला लावणे आणि तिला प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या देणे, ही सर्वांत मोठी चूक ठरते.

निवड आणि साफसफाई

ताजी कलेजी गडद तांबूस-तपकिरी, चकचकीत आणि स्पर्शाला घट्ट पण लवचिक असते. हिरवट छटा, आंबूस वास किंवा चिकट पृष्ठभाग दिसल्यास ती घेऊ नये. यकृताला लागून पित्ताची पिशवी असते. कापताना ती फुटली की पित्त पसरते आणि त्या भागाला धुऊनही न जाणारा कडूपणा येतो. हिरवट-पिवळे डाग पडलेला भाग कापून टाकणे हाच त्यावरचा उपाय.

पांढरे कठीण चट्टे, जाड झालेल्या पित्तनलिका, त्यांत आढळणारे पानाच्या आकाराचे चपटे कृमी किंवा पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्यास ती कलेजी नाकारावी. पाण्याच्या गाठी हायडॅटिड रोगाच्या असू शकतात. अशी कलेजी कुत्र्यांना टाकण्याची सवय विशेष घातक आहे. गाठीतील कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि तेथून माणसापर्यंत व पुन्हा शेळ्या-मेंढ्यांपर्यंत पोहोचतात. असे टाकाऊ अवयव कुत्र्यांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने खोल पुरणे किंवा जाळणे हितावह.

घरी आणल्यावर कलेजीवरचा पातळ पापुद्रा बोटांनी सोलून काढावा. तो तसाच राहिला तर उष्णतेने आक्रसतो आणि तुकडे वाकडे होतात. जाड शिरा सुरीने काढून बोटाच्या एका पेराएवढे, शक्यतो सारख्या आकाराचे तुकडे करावेत. उग्र वास नको असल्यास ते अर्धा तास दुधात भिजवून निथळावेत. शेवटी स्वच्छ फडक्याने तुकडे कोरडे करणे आवश्यक आहे. ही पायरी क्षुल्लक वाटते, परंतु पदार्थाचे यश बरेचसे तिच्यावर अवलंबून असते.

तव्याचे शास्त्र

तापलेल्या तव्यावर मांसाला जो खमंग तपकिरी रंग येतो, त्यामागे प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यातील रासायनिक प्रक्रिया असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती मेयार प्रक्रिया म्हणून ओळखली जाते. तव्यावरच्या घाईच्या स्वयंपाकात ती घडून येण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान सुमारे १४० अंश सेल्सियसच्या पुढे जावे लागते. पाणी मात्र १०० अंशांवरच उकळते. तुकडे ओले असतील किंवा तव्यावर दाटीवाटीने टाकले असतील, तर सुटलेले पाणी आटेपर्यंत तापमान वर चढत नाही. कलेजी मग भाजली न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडते आणि करडी, रबरासारखी होते.

मोठ्या आचेवर भाजल्याने मांसातील रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या लेखनामुळे रूढ झाला. तो पुढे चुकीचा ठरला. तव्यावरचा चर्र आवाज हाच मुळी रस बाहेर पडत असल्याचा पुरावा होय. मोठी आच हवी ती खमंगपणासाठी. रस टिकतो तो वेळेवर उतरवल्यामुळे.

या कामासाठी बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा उत्तम. तो उष्णता धरून ठेवतो आणि गार तुकडे पडल्यावरही एकदम थंडावत नाही. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी रिकामी आणि फार तापवणे योग्य नव्हे. साधारण २६० अंशांच्या पुढे त्यांच्या लेपाचे विघटन होऊ लागते.

कृती (चार जणांसाठी)

साहित्य : शेळीची किंवा बोकडाची कलेजी अर्धा किलो, कांदे दोन, आले-लसणाचे वाटण एक मोठा चमचा, हळद पाव चमचा, हिरव्या मिरच्या दोन-तीन, ताजी भरडलेली मिरी अर्धा चमचा, कांदा-लसूण मसाला एक चमचा, तेल दोन-तीन मोठे चमचे, एक लिंबू, मीठ आणि कोथिंबीर.

कोरड्या केलेल्या तुकड्यांना आले-लसणाचे वाटण व हळद चोळून दहा मिनिटे ठेवावे. मीठ या वेळी लावू नये, कारण त्याने पाणी सुटते. दरम्यान थोड्या तेलावर उभा चिरलेला कांदा कडा तांबूस होईपर्यंत परतून बाजूला काढावा. तवा पुसून पुन्हा चांगला तापवावा, तेल घालावे आणि ते हलकेसे धुरावू लागताच निम्मे तुकडे एकमेकांना न चिकटतील असे पसरावेत.

त्यानंतर दीड-दोन मिनिटे उलथन्याला हात लावू नये. खालची बाजू तपकिरी झाली की तुकडे आपोआप तव्यापासून सुटतात. ते उलटून आणखी दीड मिनिट भाजावेत आणि ताटलीत काढावेत. उरलेले तुकडेही असेच भाजावेत. मग आच मध्यम करून सर्व तुकडे, कांदा, मिरच्या, मिरी, कांदा-लसूण मसाला आणि मीठ एकत्र करून एक-दोन मिनिटे परतावे. कोरडा मसाला शेवटी घालण्याचे कारण असे, की सुरुवातीच्या प्रखर आचेवर तो जळून कडू होतो. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळून कोथिंबीर पेरावी.

तुकडा दाबल्यावर घट्ट पण किंचित उसळणारा लागावा आणि कापल्यावर आत लाल रक्त दिसू नये. मऊपणाच्या मोहाने कलेजी कच्ची ठेवणे धोक्याचे आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या शिफारशीनुसार तिचे आतील तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचायला हवे. कोंबडीच्या कलेजीसाठी हा आकडा ७४ अंश आहे. तिच्या आतल्या भागातही कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात, त्यामुळे नुसती वरून भाजलेली कलेजी सुरक्षित मानता येत नाही.

रक्तक्षय आणि मुंबईचा धागा

कलेजीने रक्त वाढते, ही घरोघरची समजूत निराधार नाही. रक्तक्षय झालेल्या कुत्र्यांना यकृत खाऊ घातल्यास रक्त लवकर भरून येते, असे जॉर्ज व्हिपल यांना आढळले. त्या आधारे जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये पर्निशियस ॲनिमिया या तेव्हा प्राणघातक असलेल्या आजाराच्या रुग्णांना रोज भरपूर यकृत देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. तिघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील तो गुणकारी घटक, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला.

याच संशोधनाचा दुसरा अध्याय मुंबईत लिहिला गेला. ब्रिटिश वैद्यक संशोधक लूसी विल्स १९२८ मध्ये येथे आल्या. गिरणी कामगार वर्गातील गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. हा घटक ब-१२ पेक्षा निराळा होता. पुढे तो फोलेट म्हणून ओळखला गेला आणि आज गर्भवतींना त्याच्याच गोळ्या दिल्या जातात. यकृतात लोह, ब-१२ आणि फोलेट हे तिन्ही घटक एकत्र आढळतात. शंभर ग्रॅम कच्च्या यकृतात सुमारे सात मिलिग्रॅम लोह असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, हे लक्षात घेता या माहितीचे मोल कळते.

कोणी जपावे?

गुणांबरोबर मर्यादाही आहेत. कलेजीत अ जीवनसत्त्वाचा साठा फार मोठा असतो. प्रौढांसाठी या जीवनसत्त्वाची दैनिक कमाल मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम मानली जाते. शेळी-मेंढीच्या शंभर ग्रॅम कलेजीत ती सहज ओलांडली जाते. अतिरिक्त अ जीवनसत्त्वाने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून ब्रिटनच्या आरोग्य सेवेने गर्भवतींना कलेजी टाळण्याचा सल्ला दिला आहे. रक्त वाढावे म्हणून गर्भवतीला मुद्दाम कलेजी खाऊ घालण्याचा आग्रह त्यामुळे उलटू शकतो. तिने लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे श्रेयस्कर. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी व संधिवाताच्या गाऊट प्रकाराच्या रुग्णांनी कलेजी टाळावी. कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांनीही प्रमाण सांभाळावे. इतरांनी आठवड्यातून एखाद्या वेळीच आणि बेताने खाल्लेली बरी.

तव्यावरची कलेजी गरम असतानाच ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड घेऊन खावी. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाकरीतील लोहही अधिक शोषले जाते, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. पुन्हा तापवलेली कलेजी हमखास घट्ट होते. त्यामुळे ताटे मांडल्यावरच तवा चढवावा.