किल्लारीचा खडक आणि १९६ कोटी वर्षांचे गणित

१/९ पृथ्वीवर जीवसृष्टी कशी अवतरली, या प्रश्नाचा मराठवाड्याशी संबंध काय? तो समजण्यासाठी निजामकालीन उदगीरपासून आरंभ करावा लागतो. #इतिहास #धागा

२/९ १८७५ मध्ये मुंबईत स्थापन झालेला आर्य समाज पुढे उदगीर, लातूर, नांदेड भागात रुजला. १९३८-३९ मध्ये त्याने धार्मिक स्वातंत्र्यासाठी हैदराबाद सत्याग्रह केला. उदगीरचे भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. या पिढीसाठी स्वामी दयानंदांचा ‘सत्यार्थ प्रकाश’ स्वाभिमानाचा ग्रंथ होता.

३/९ त्याच्या आठव्या समुल्लासात सृष्टीची उत्पत्ती येते. आरंभी अनेक माणसे एकाच वेळी, तरुणावस्थेतच, त्रिविष्टपात म्हणजे तिबेटात उत्पन्न झाली, असे दयानंद मांडतात. ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’त ते सृष्टीचे वय सुमारे १९६ कोटी वर्षे देतात.

४/९ हा आकडा थक्क करणारा आहे. १८६२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केल्विन पृथ्वीला २ ते ४० कोटी वर्षे देत होते. आज मान्य असलेले वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणजे दयानंदांचा आकडा त्यातल्या त्यात जवळचा!

५/९ मग ते विज्ञान ठरते का? नाही. तो आकडा युगे आणि मन्वंतरे यांच्या पारंपरिक गणनेतून आला होता. किरणोत्सारावरून खडकांचे वय मोजता येऊ लागले, तेव्हा केल्विनचा आकडा विज्ञानानेच टाकून दिला. पारंपरिक गणनेत अशा दुरुस्तीला वाव नसतो.

६/९ दुरुस्तीचा पुरावा लातूर जिल्ह्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल वेधन झाले. सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली लागलेला मूळ खडक सुमारे २५० कोटी वर्षांचा ठरला. म्हणजे सृष्टीच्या त्या १९६ कोटी वर्षांहूनही जुना.

७/९ जानेवारी २०१८. तत्कालीन औरंगाबादेतील वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला.

८/९ ‘कोणी पाहिले नाही’ ही कसोटी लावली, तर आपला इतिहासही उरणार नाही. नांदेड जिल्ह्यातील कंधारचे राष्ट्रकूट वैभव आज हयात असलेल्या कोणी पाहिले आहे? शिलालेख आणि क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न तुकडे यांवरूनच आपण ते जाणतो. जीवाश्मांचे वाचनही याच न्यायाने चालते.

९/९ पहिला सजीव कसा घडला, हे विज्ञानाला अजून निश्चित ठाऊक नाही, आणि डार्विनचा सिद्धांतही मुख्यतः त्यानंतरच्या बदलांविषयी आहे. ही मर्यादा मान्य करण्यात कमीपणा नाही. श्यामलालांच्या बलिदानापुढे नतमस्तक व्हावे. खडकाचे वय मात्र खडकालाच विचारावे. (समाप्त)