बर्नआउट : एका संज्ञेचा प्रवास

'बर्नआउट' हा शब्द आज कोणत्याही कचेरीत ऐकू येतो. संशोधनाच्या परिभाषेत मात्र तो आला रुग्णसेवेतून, आणि त्याआधी तो एका कादंबरीच्या शीर्षकात येऊन गेला होता. ग्रॅहम ग्रीन १९५९ मध्ये बेल्जियन काँगोतील योंडा येथील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत राहिले. त्या अनुभवातून 'अ बर्न्ट-आउट केस' ही कादंबरी आकाराला आली. रोग शमला, पण तो शमेपर्यंत हातापायांची बोटे गेली, अशा रुग्णाला ही संज्ञा लावली जाई. ग्रीन यांनी ती कीर्ती मिळवूनही आतून रिता झालेल्या एका वास्तुशिल्पज्ञाला लावली.

नेमक्या याच सुमारास, १९६० मध्ये, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील एका मोठ्या रुग्णालयातील शिकाऊ परिचारिकांची व्यवस्था हा त्याचा विषय. या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात. मेन्झिस यांनी मुलींच्या स्वभावाकडे बोट न दाखवता वॉर्डाच्या रचनेकडे पाहिले. एका परिचारिकेने एकाच रुग्णाची सर्व सेवा करायची नाही, अनेकांची थोडी थोडी कामे करायची. रुग्णाचा उल्लेख नावाने नव्हे, तर खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने करायचा. एका वॉर्डात जीव रमू लागतो न लागतो तोच बदली. वेदना आणि मृत्यू यांच्या सान्निध्यातून येणारी भीती आवरण्यासाठी रुग्णालयानेच नकळत ही तटबंदी उभारली होती. तिच्यामुळे भीती तर सरली नाहीच, उलट सेवेतले समाधान हरवले. सोडून जाणाऱ्यांत चांगल्या विद्यार्थिनीही असत, हे मेन्झिस यांनी आवर्जून नोंदवले. या तटबंदीच्या एका भागाला त्यांनी 'डीपर्सनलायझेशन' म्हटले. आपण त्याला निर्व्यक्तीकरण म्हणू.

पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांतील स्वयंसेवकांविषयी लेख लिहिला आणि 'बर्नआउट' शास्त्रीय नियतकालिकात रुजू झाला. दिवसा स्वतःचा व्यवसाय आणि रात्री उशिरापर्यंत दवाखाना असे ते स्वतः राबत. त्यामुळे त्या लेखात आत्मकथनाचा अंशही आहे. १९८१ मध्ये ख्रिस्तिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांनी २२ विधानांची मापनपट्टी तयार केली. भावनिक थकवा, निर्व्यक्तीकरण आणि कर्तृत्वाची ओसरलेली जाणीव ही तिची तीन अंगे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावरील पुढच्या बऱ्याच संशोधनाचा आधार हीच पट्टी ठरली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. १९६० मध्ये 'निर्व्यक्तीकरण' ही रुग्णालयाची रीत होती. १९८१ मध्ये तोच शब्द एका व्यक्तीच्या उत्तरपत्रिकेवरील गुण झाला. शब्द तोच राहिला, त्याचा कर्ता मात्र बदलला. रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने ओळखायला जी व्यवस्था शिकवते, तिच्याऐवजी तसे ओळखणारी परिचारिका तपासणीखाली आली. हा दोष मॅसलॅक यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९९७ मध्ये मायकेल लायटर यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कारणे संस्थेत शोधली : कामाचा बोजा, कामावरील ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये. पण मोजणी माणसाची होते, तेव्हा उपचारही माणसावरच करण्याचा मोह होतो. मग ध्यानाचे वर्ग भरतात आणि पाळ्यांचे वेळापत्रक आहे तसेच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउट हा आजार नसून नोकरीच्या संदर्भातली घटना आहे, असे स्पष्ट केले. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेतील काही डॉक्टरांनी 'नैतिक इजा' हा पर्याय सुचवला होता, कारण इजा म्हटले की ती कोणामुळे झाली हा प्रश्न आपसूक येतो.

मराठीत या संज्ञेला अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'थकवा' अपुरा आहे, कारण तो झोपेने जातो. 'होरपळ' हा शब्द विचारात घ्यावा असे वाटते. माणूस उन्हाने होरपळतो, दुष्काळात होरपळतो. नुसता आपला आपण होरपळत नाही. मार्च २०२० मध्ये आपण सज्जांत उभे राहून रुग्णसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्यांची होरपळ कशाने होते, हे विचारण्याचे काम अजून बाकी आहे. आपल्या भाषेचे व्याकरण तरी तो प्रश्न टाळू देत नाही.