‘हंटरवाली’चा मुखवटा

१९६६ सालच्या ‘सुपरआर्गो’ या इटालियन-स्पॅनिश बोलपटांत मुखवटाधारी नायकाचें काम करणारा केन वुड हा वस्तुतः जोव्हान्नी चान्फ्रिल्या नांवाचा, इतर नटांच्या जागीं धोक्याच्या उड्या मारणारा मनुष्य. चेहरा झांकला कीं नामांकित नटाचें वेतन वांचतें. अल्प भांडवलाच्या चित्रपटांत मुखवट्याचा उपयोग हाच!

आपल्याकडे हा प्रकार तीस वर्षांहूनहि अगोदर अवतरला. १९३५ सालीं परळच्या वाडिया मूव्हीटोननें होमी वाडियांच्या दिग्दर्शनाखालीं ‘हंटरवाली’ हा हिंदुस्थानी बोलपट काढला. त्यांतील राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हातीं चाबूक घेऊन जुलमी वजिराचा समाचार घेते. पण माधुरी झालेली नादिया आपल्या उड्या स्वतःच मारी; तिला बदली माणूस झांकावयाचा नव्हता. मग मुखवटा कशाला? माझ्या मतें तो कथेनेंच घातलेला होता. परकीय अमलांत सेन्सॉरच्या कात्रीपुढें राज्यकर्त्यांविरुद्ध ब्र काढण्याची सोय नव्हती; काल्पनिक राज्यांतील वजिराला मात्र खुशाल बडवतां येई. आणि बडवणारी कोण? ऑस्ट्रेलियांत जन्मलेली, ब्रिटिश सैनिकाची गोरी मुलगी! पिटांतल्या प्रेक्षकाला तें खटकलें नाहीं. चित्रपट तुफान चालला.

त्याच परळच्या आवारांत १९४२ सालीं शांतारामांचें राजकमल कलामंदिर सुरू झालें. त्याचा इतिहास आपण सुशिक्षित लोक अभिमानानें सांगतों, आणि ‘हंटरवाली’ला मात्र ‘मारधाडीचा चित्रपट’ म्हणून दोन ओळींत वाटेला लावतों. नादियाचा अखेरचा चित्रपट ‘खिलाडी’ १९६८ सालीं आला. इटलीचा मुखवटाधारी ‘डायाबोलिक’ पडद्यावर अवतरला तोहि त्याच सालीं. त्या वेळीं नादिया साठ वर्षांची होती.