हौशी शर्यतीमागचे हात

ऑगस्ट 1954. लंडनजवळच्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवरच्या शर्यती आटोपल्या होत्या आणि जो तो आवराआवर करत होता. पंचविशीतल्या एका तरुणाकडे मात्र घरी परतायला गाडीभाडे नव्हते. कॉलिन चॅपमन आणि माइक कॉस्टिन हे दोघे लंडनकडे निघालेले पाहून तो सरळ त्यांच्या गाडीत जाऊन बसला. चॅपमनला वाटले हा कॉस्टिनचा मित्र, कॉस्टिनला वाटले चॅपमनचा. उलगडा झाला तोवर लंडन आले होते. पुढे थोड्याच दिवसांत तो तरुण त्यांच्याच वर्कशॉपमध्ये दिवसाला एक पौंड मजुरीवर पाने-स्क्रू ड्रायव्हर चालवू लागला. त्याचे नाव ग्रॅहम हिल. 1962 आणि 1968 साली तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

हिलची गोष्ट मोटारशौकिनांना पाठ असते. पण त्या वर्कशॉपमध्ये रात्री-रात्री राबणारे इतर अनेक जण आयुष्यात कधी शर्यतीत धावले नाहीत. कुणी विमान कंपनीतली नोकरी संपवून यायचा, कुणी कॉलेजच्या सुट्टीत. ब्रिटनमधल्या हौशी मोटार शर्यतींचा इतिहास या माणसांना वगळून लिहिला, तर त्यात फक्त विजेत्यांची यादी उरते.

दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्लंडमध्ये मोटार शर्यत म्हणजे बव्हंशी पैसेवाल्यांचा छंद होता. त्यांचे माहेरघर असलेला ब्रुकलँड्सचा ट्रॅक 1939 मध्ये बंद पडला, तो कायमचाच. युद्ध संपले तेव्हा देशात पेट्रोलचे रेशनिंग होते आणि ते 1950 च्या मेपर्यंत टिकले. मात्र युद्धाने एक गोष्ट भरपूर मागे ठेवली होती: ओस पडलेले विमानतळ. वेलिंग्टन बॉम्बर विमानांवर जिथे वैमानिक तयार होत, त्या सिल्व्हरस्टोनच्या धावपट्ट्यांवर ऑक्टोबर 1948 मध्ये ग्रांप्री झाली. कडेला गवताच्या पेंढ्या आणि तेलाची रिकामी पिंपे मांडली की ट्रॅक तयार. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमलाही युद्धकाळातल्या धावपट्टीवरच शर्यतींनी जोर धरला. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना 1953 ची.

ट्रॅक मिळाला, पण गाडी कुठली आणायची? त्याचे उत्तर होते ऑस्टिन सेव्हन. हर्बर्ट ऑस्टिन यांनी 1922 मध्ये आणलेली ही 747 सीसीची चिमुकली मोटार युद्धापर्यंत लाखांनी खपली होती आणि जुनी झाल्यावर कवडीमोल मिळत होती. तिच्या चाहत्यांनी 1939 मध्येच 750 मोटर क्लब काढला होता. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी यात पुढे होते. युद्धानंतर क्लबला आकार दिला तो हॉलंड बर्केट यांनी. ते पेशाने पशुवैद्य. 1963 मध्ये विमान अपघातात गेले, तोवर हा क्लब म्हणजे त्यांचा दुसरा संसार होता.

या क्लबने आखलेली फॉर्म्युला 750 ची नियमावली मला त्या काळातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. चॅसिस, इंजिन आणि मागचा ॲक्सल ऑस्टिन सेव्हनचाच हवा. बाकी डोके चालवा आणि हात चालवा. महागडे इंजिन विकत घेऊन जिंकण्याची वाटच बंद केल्यामुळे पैशापेक्षा मदतीला भाव आला. ज्याचा शेजारी वेल्डिंग करणारा, ज्याचा मेहुणा लेथवर बसणारा, तो पुढे. क्लबच्या बैठकीत लोक प्रतिस्पर्ध्यालाही आपली युक्ती सांगत, जुना क्रँकशाफ्ट देऊन टाकत. ऑस्टिनचा क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगांवर फिरायचा आणि जोरात पळवला की वाकायचा, प्रसंगी तुटायचा. त्यामुळे असा एखादा धडका क्रँकशाफ्ट हाताशी असणे म्हणजे अर्धा सीझन वाचणे होते.

वसंतात सुरू झालेला सीझन पानगळीपर्यंत चाले आणि त्याचा खरा भार आठवड्याच्या रात्रींवर असे. शनिवारच्या शर्यतीत दहा फेऱ्या मारायच्या, त्यासाठी सोमवार ते शुक्रवार हेड उतरवायचे, कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्ह घासायचे, गॅस्केट बदलायचे. ट्रेलर फार थोड्यांकडे होते. बहुतेक जण शर्यतीची गाडी रस्त्यावरून चालवतच ट्रॅकवर नेत. तिथे पोहोचल्यावर सोबत्यांनी मडगार्ड, दिवे, काच आणि स्टेपनी उतरवून गवतावर ठेवायची, चालकाने धावायचे. संध्याकाळी सगळे पुन्हा जोडून त्याच गाडीने घर गाठायचे. इंजिन वाटेत बसले तर दोरी बांधून.

पिटमधले, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेतले, एक काम मात्र पाना न धरता व्हायचे: लॅप चार्ट. एका फळीवर दोन-तीन स्टॉपवॉच ठोकलेली, त्याखाली चौकटी आखलेला कागद. समोरून गाड्या ज्या क्रमाने जातील त्या क्रमाने त्यांचे नंबर लिहायचे, दर फेरीला नवी ओळ. पहिल्या फेरीत वीस गाड्या एकदम घोंगावत येतात तेव्हा मान वर केली तर हात चुकतो, खाली घातली तर नंबर सुटतो. पुढे आघाडीची गाडी शेवटच्यांना मागे टाकू लागली की कोण कितव्या फेरीत आहे हेच कळेनासे होते. तेव्हा ज्याचा कागद बरोबर, त्याच्याच चालकाला फलकावरून खरी जागा कळायची. हे काम फार वेळा बायका, बहिणी, मैत्रिणी करत. संपूर्ण दुपार पावसात उभे राहून त्यांनी भरलेल्या त्या कागदांवर शर्यतीचे डावपेच ठरत. 1962 मध्ये शर्यतवाल्यांच्या घरच्या स्त्रियांनी आपला ‘डॉगहाउस क्लब’ काढला. ग्रॅहम हिलची पत्नी बेट हिल त्यात आघाडीवर होती.

अशा लोकांसाठीच जणू 750 मोटर क्लबने 1951 मध्ये सिल्व्हरस्टोनला सहा तासांची रिले शर्यत सुरू केली. एका संघात अनेक गाड्या, पण ट्रॅकवर एका वेळी एकच. ती थांबली की पट्टा पुढच्याच्या हाती. वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्यांना हँडिकॅप दिलेला असे. त्यामुळे इथे एकट्या चालकाच्या तेजापेक्षा संघाच्या व्यवस्थापकाचे गणित आणि पिटमधल्या माणसांची तत्परता जास्त मोलाची ठरे. बर्केट यांचे नाव आता या शर्यतीलाच दिलेले आहे.

त्याच 1951 साली चॅपमनने फॉर्म्युला 750 गाजवला. तो शिकला होता सिव्हिल इंजिनिअरिंग. जुन्या मोटारी विकण्याचा त्याचा धंदा पेट्रोलच्या टंचाईत बुडाला आणि एक ऑस्टिन सेव्हन अंगावर पडली. मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने त्या ऑस्टिनची पहिली ‘स्पेशल’, म्हणजे जुन्या गाडीवरून हाताने घडवलेली खास गाडी, बनवली. हेझल स्वतः हाताला काळे लावून मदत करायची. 1951 ची गाडी बांधायला मायकेल आणि नायजेल ॲलन हे भाऊ पुढे आले. त्यांच्याकडे चांगली हत्यारे होती. बेत तीन गाड्यांचा होता, पण सीझनला एकच तयार झाली आणि ती चॅपमनने पळवली. ऑस्टिनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरना मिळून एकच इनलेट पोर्ट असे. चॅपमनने आत पडदा घालून प्रवाह वेगळे केले आणि बाकीच्यांना मागे टाकले. पुढे क्लबने या युक्तीवर बंदी घातली.

1 जानेवारी 1952 रोजी चॅपमनची लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी सुरू झाली. भांडवल हेझलने दिलेले 25 पौंड, जागा हॉर्न्सीमध्ये चॅपमनच्या वडिलांच्या रेल्वे हॉटेलमागची घोड्यांची पागा. चॅपमन दिवसा ॲल्युमिनियमच्या कंपनीत नोकरी करायचा. 1953 च्या आरंभी दे हॅविलँड विमान कंपनीतला माइक कॉस्टिन नोकरी सांभाळून संध्याकाळी येऊ लागला. त्याचा भाऊ फ्रँक तिथेच एरोडायनॅमिक्सचा जाणकार होता, त्याने गाड्यांचे बॉडीवर्क आखून दिले. लोटस सिक्स ही गाडी सुट्या भागांत विकली जायची. तशा किटवर खरेदी कर लागत नसे आणि जोडायला गिऱ्हाइकाचे मित्र असतच.

या फुकटच्या राबण्यातूनच पुढे एक मोठा धंदा उभा राहिला. लोटसमध्ये सुट्टीत येणारा इंपीरियल कॉलेजचा कीथ डकवर्थ आणि माइक कॉस्टिन यांनी 1958 मध्ये कॉसवर्थ ही इंजिनांची कंपनी काढली. त्यांच्या 1967 च्या डीएफव्ही इंजिनाने फॉर्म्युला वनच्या 155 शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रँड्स हॅचला पहिली फॉर्म्युला फोर्ड शर्यत झाली. फोर्ड कॉर्टिना मोटारीचे साधे इंजिन, ठरलेले नियम, आटोक्यातला खर्च: 750 वाल्यांचीच विचारसरणी नव्या कपड्यांत. या वर्गात 1994 मध्ये इंग्लंडमधली विंटर सीरिज जिंकून कोइम्बतूरच्या नारायण कार्तिकेयनने नाव कमावले.

आज इंग्लंडमध्ये पैसे भरले की गाडी, मेकॅनिक, टायर, चहासकट सगळे तयार मिळते. चालकाने हेल्मेट घेऊन यायचे. त्यात गैर काही नाही, अनेक कारागिरांची चूल त्यावर पेटते. पण कडेला झेंडे घेऊन उभे असलेले मार्शल अजूनही स्वयंसेवकच आहेत. त्यांचा क्लब 1957 पासूनचा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. तो वेळेवर दाखवण्यासाठी ते पहाटे घर सोडतात. फॉर्म्युला 750 सुद्धा जिवंत आहे. इंजिन ऑस्टिनवरून रिलायंटवर आणि पुढे फियाटवर आले.

सिल्व्हरस्टोनला आता विद्यार्थ्यांची फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धाही भरते आणि तिथे पवईच्या ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ने स्वतः बनवलेली विजेवर चालणारी गाडी उतरवली आहे. अशा गाडीवर आधी पाण्याचे फवारे सोडून तपासणी होते, त्यात विजेची गळती दिसली नाही तरच तिला ट्रॅकवर सोडतात. सुमारे बावीस किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीत अर्ध्यावर चालक बदलतो. संघातले बाकीचे सगळे बॅटरी, वायरिंग, प्रायोजकांना लिहायची पत्रे आणि हिशेब यांत गुंतलेले असतात. त्यांना परीक्षकांपुढे खर्चाचा अहवालही मांडावा लागतो आणि त्यात प्रत्येक भागाच्या किमतीबरोबर तो बनवायला लागलेल्या कामाचा खर्चही दाखवावा लागतो.